मास्तरांचे दात आणि आमचे हे

खरं सांगते, आमच्या गल्लीत साठी ओलांडलेली जी माणसं हसतात, त्यातली निम्मी आमच्या ह्यांच्या हातचं हसतात. हे कवळ्या बनवतात. अठ्ठावीस वर्षं झाली. डॉक्टरबाई तोंडाचं माप घेतात, लोक आभारही त्यांचेच मानतात. पण ते माप डब्यातून येतं आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत. तिथे हे प्लॅस्टरचा जबडा ओततात, त्यावर मेणाची हिरडी करतात आणि मेणात एकेक दात बसवतात. माणसाला घालून बघितलं, बोलून-चावून जुळलं, की मेण काढून त्या जागी पक्की गुलाबी हिरडी भरतात. प्लॅस्टर मी कालवते. शिकताना किती बिघडवलं, पण एकदाही ओरडा खाल्ला नाही, कारण हे ओरडतच नाहीत. घरात तोंडाची बाजू मी सांभाळते.

त्या महिन्यात बाजारात स्फोट झाला. चौदा माणसं गेली. ज्यांनी केला त्यांची नावं आमच्यासारखी होती. झालं! आम्ही मुसलमान, म्हणजे वात आम्हीच लावली असणार. त्या चौदांतल्या एका म्हातारीची कवळी यांनी केली होती. पेपरात तिचा फोटो बघून दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरला नाही. ते कुणाला दिसलं नाही. दिसली ती आमची पांढरी पावडर.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. प्लॅस्टरची पोती फोडली, बाटल्या हुंगल्या आणि यांना घेऊन गेले. दीड दिवस बसवून ठेवलं. परत आले तेव्हा मी विचारलं, "काय विचारत होते?"

"पावडर कसली ते."

"आणि?"

"पुन्हा पावडर कसली ते."

यांच्या बोटांची थरथर मी पहिल्यांदा बघितली. दात केसभर सरकवणारी बोटं, चहाची बशी धरता येईना. त्याच क्षणी मी मनाशी म्हटलं, हे ज्याने केलं त्याला सोडायचं नाही.

कोणी केलं ते शोधावं लागलं नाही. जिन्याखालच्या फळ्यावर अर्ज लावला होता, प्रत पोलीस चौकीला, खाली एकतीस सह्या. लिहिणारे दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक, इमारतीचे सेक्रेटरी, उठता-बसता इतरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारे. तळमजल्याची खोली इमारतीची, आम्ही भाडेकरू. ती रिकामी करून घ्यावी, निर्णय रविवारी अकराच्या सभेत. खोली गेली की काम गेलं, कारण त्या दिवसांत आमचं आडनाव ऐकून कुणी दुसरी खोली देणार नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला सगळे शेजारी.

आणि बुधवारी डॉक्टरबाईंकडून डबा आला. चिठ्ठीवर नाव मास्तरांचं! जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. नवी रविवारच्या आत हवी, सभेत भाषण करायचंय म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो," मी म्हटलं, "उजवीकडची मागची दाढ केसभर उंच ठेवा. केसभरच! मरेपर्यंत प्रत्येक घासाला आपली आठवण काढतील."

"कामात खोट ठेवायची नाही."

"मग काय पाया पडायचं त्यांच्या?"

हे मेण तापवायला वळले. पण संध्याकाळी जिन्याखाली उभे राहून अख्खा अर्ज कागदावर उतरवून आणला. मला वाटलं, वकिलाला दाखवायचा असेल.

शनिवारी दात मेणात बसवून तयार झाले. अलीकडे पुढचे दात घालून बघायचे असले की डॉक्टरबाई यांना बोलावतात. मीही गेले, डबा धरायच्या निमित्ताने. दवाखाना भरलेला. बाहेरच्या बाकावर आमच्याच इमारतीतली चौघं, सह्या करणारी. मधलं दार उन्हाळ्यामुळे सताड उघडं.

मास्तर खुर्चीत पडलेले. तोंडात दात गेले आणि मग त्यांना हे दिसले.

"हे इथे कशाला?"

"तुमचे दात यांनीच बसवलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधीची कवळीही यांचीच होती. अकरा वर्षं जेवलात की तिने."

मास्तरांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! गिळवेना आणि थुंकवेना.

नव्या दातांची एक रीत आहे. माणसाला मोठ्याने वाचायला लावायचं, त्यातल्या त्यात स आणि श. शीळ ऐकू आली की पुढचे दात जरासे हलवायचे. हे नेहमी वर्तमानपत्र देतात. त्या दिवशी यांनी खिशातला कागद काढला.

"वाचा मास्तर. यात स भरपूर आहेत."

मास्तरांनी चष्मा लावला, अक्षर ओळखू आलं नाही, मजकूर ओळखू आला. "हे... हे नको."

"तुम्हाला उद्या हेच तर वाचायचंय. वाचा. बाहेरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर शीळ कळत नाही."

डॉक्टरबाईंनी मान खिडकीकडे वळवली. 

मास्तर वाचू लागले. "सदर खोलीत संशयास्पद पांढरी पावडर साठवली जाते."

"तिच्यातूनच तुमचा जबडा ओतला. पुन्हा म्हणा, 'संशयास्पद'ला शीळ येतेय."

"संशयास्पद."

"अजून एकदा."

"संशयास्पद!"

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"उग्र वासाचं रसायन वापरलं जातं."

"तुमच्या पक्क्या हिरडीत तेच जाणार. जुनीत अकरा वर्षं तेच होतं. पुढचं."

"सतत ज्योत पेटलेली असते."

"मेण वितळवायला. आता तुम्ही जे मेण चावताय ते. पुढचं."

"अनोळखी इसम... संशय येईल असे डबे सोपवून जातात."

"बुधवारच्या डब्यात तुम्ही होता, मास्तर."

आता अख्खा दवाखाना हसला. सह्या करणारी चौघं सगळ्यात मोठ्याने! उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्यांची जातच. मास्तर घामाने भिजले. मला विचाराल तर, माझा जीव इतका गार झाला की मी पदराआड तोंड लपवून हसले. लाज वाटायला हवी होती का? वाटली नाही.

यांनी अलगद दात काढून घेतले. मास्तरांचे ओठ आत गेले आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. माझा हात धरून म्हणाले, "वहिनी, उद्या मी अर्ज मागे घेतो. माझं चुकलं. पण दात..."

"आधी उद्या उजाडू दे," हे म्हणाले. शब्द काही दिला नाही.

रविवारी मास्तर बोळक्या तोंडाने सभेत उभे राहिले. काय बोलतात ते निम्मं कळत नव्हतं, पण 'अर्ज मागे घेतो' एवढं सगळ्यांना कळलं. एकतीस हात जसे खाली सही करायला गेले होते तसेच वर गेले. खोली राहिली. जाता जाता एकेक जण यांचा खांदा थोपटत होता. "तुम्ही तसे नाहीत हो, आम्हाला माहीत होतं." माहीत होतं! मग मेल्यांनो, सही करताना हाताला वात आला होता का?

सोमवारी सकाळी मास्तर खोलीच्या दारात. यांनी मेणातले दात डब्यात घालून त्यांच्या हातात दिले.

"दुसरीकडे पूर्ण करून घ्या. माप बरोबर आहे, खोट नाही. माझ्या हातून तुमचं काम होणार नाही."

मास्तर गडबडले. "पण मी तर सगळ्यांसमोर माफी... तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. किती चांगला माणूस तुम्ही!"

मीसुद्धा हबकले. दाढ केसभर उंच ठेवायला तयार नसलेला माणूस हा!

"मास्तर," हे म्हणाले, आवाज नेहमीचाच, "पोलीस मला घेऊन गेले त्या दिवशीही मी चांगला माणूस होतो. तुम्ही वरून बघत होता. तेव्हा त्याचा काय उपयोग झाला?"

 डबा छातीशी धरून मास्तर तसेच उंबऱ्यात उभे. हे पाठ करून कामाला बसले. बोटं थरथरत नव्हती.

दार मी लावलं. आपटून लावलं.