चैत्रात उतरलेलं यान

एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा उभा धरायचा आणि म्हणायचं, "डावीकडे जरा जड वाटतंय." आमच्या शाळेच्या ड्रॉइंगबाई असं जग मोजत. फळ्यावरचा आंबा, मुख्याध्यापकांची टोपी, एकदा तर माझ्या लग्नाच्या फोटोतले आमचे हे. "डावीकडे जरा जड आहेत," म्हणाल्या. होतेच ते!

मोडकी वस्तू दिसली की ज्यांना हुरूप येतो अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यांतल्या पहिल्या नंबरच्या. "बिघडलं? आता खरी मजा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. करपलेल्या भाजीपासून मुक्या झालेल्या रेडिओपर्यंत ते सगळ्यांना लागू होतं.

नाशिक रोडच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. यजमान गेल्यापासून एकट्या होत्या. एरवी त्यांच्याकडे माणसांचा राबता असे. पण चैत्र आला की घरोघरी गौर बसायची, हळदीकुंकवाला बायकांची जिन्यावर वर्दळ सुरू व्हायची आणि बाईंचं दार तेवढं वगळून सगळ्या पुढे जायच्या. विधवेच्या घरी हळदीकुंकू कसलं? रिवाजच तसा, आणि तो मोडायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नव्हती. समोरच्या काकू कैरीची डाळ झाकून पाठवत. रिकामं भांडं परत करू नये म्हणून बाई त्यात चार बत्तासे घालून देत.

एकदा मला म्हणाल्या, "डाळीचं काही नाही गं. चैत्रात माझं घर बायकांनी भरलेलं हवंय. एकदा तरी."

मी मान खाली घालून बत्तासा खाल्ला.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनिअर होता. माघात सुट्टीवर आला तो जपानहून एक भलंमोठं खोकं घेऊनच. झाकणावर अंतराळयानाचं चित्र आणि आत दुधी रंगाचे रेझिनचे सुटे भाग. साच्यात ओतून घट्ट केलेले, हाताला चांगले जड. जोडलं की गौरीच्या पाळण्याएवढं यान होणार होतं. सूचनांचा कागद मात्र सगळा जपानीत.

"ताई, शाळेतल्या पोरांना देऊन टाक," भाऊ म्हणाला.

"पोरांना कशाला? मी आहे ना!"

झालं. बाईंच्या बैठकीच्या खोलीचा कारखाना झाला. शाळा सुटली की दारात बादली घेऊन बसायच्या आणि पॉलिश पेपर ओला करून एकेक भाग घासायच्या. रंगारी भिंतीला लावतात तीच पुट्टी जोडांच्या फटीत भरायच्या. जपानी कागद कुठून वाचायचा ते न कळल्याने शेपूट उलटं चिकटलं. "बिघडलं? आता खरी मजा!" म्हणत त्यांनी ते करवतीच्या पात्याने कापून काढलं आणि मग त्यांचा हात जो सुटला! तोफा त्यांना नको होत्या. तिथे शाईच्या पेनांची टोपणं लागली. आतला वैमानिक साच्यातल्या बुडबुड्यामुळे नकटा निघाला होता. त्याला खुर्चीतून उखडून काढलं. "हा नाही चालणार. खुर्ची राहू दे रिकामी, कुणीतरी येईल."

मागच्या इंजिनांभोवती त्यांनी हिरव्या बांगड्या बसवल्या. काचेच्या, त्यांच्या स्वतःच्या, डब्यात जपून ठेवलेल्या. मी बघतेय हे बघून म्हणाल्या, "इथे तरी शोभतील." मला एकदम भरून आलं. त्या मात्र दुसरी बांगडी बसवण्यात गुंग होत्या.

चैत्र लागला. यानाचे दोन्ही पंख रंगवून बाईंनी वाळायला गच्चीवर ठेवले. तिथे काकू काठी घेऊन कुरडया राखत बसलेल्या. मनाने फार चांगल्या, पण हाताला उसंत नाही. डावा पंख त्यांनी उचलला आणि तापलेल्या पत्र्यावर ठेवला. दुपारी आम्ही बघतो तर तो पार वाकलेला.

"अगं बाई, मीच ठेवला गं पत्र्यावर," काकू रडकुंडीला आल्या. "म्हटलं, कुरडई वाळती तसा लवकर वाळंल. लय नुकसान झालं का गं?"

बाईंनी एक डोळा मिटला, अंगठा धरला आणि खळखळून हसल्या. "बिघडलं? आता खरी मजा! काकू, पक्षी उतरताना पंख खाली घेतो की नाही? आपलं यान उतरतंय. तुमचं मोठं पातेलं काढा."

काकूंच्या पातेल्यात आधण ठेवून उजवा पंख बुडवला, मऊ झाल्यावर दोघींनी तो डाव्यासारखा वाकवला. काकू पदराने घाम पुसत म्हणाल्या, "पुरणाला एवढं जपलं नाय कधी!"

मग बाई दारोदार सांगून आल्या. "उद्या संध्याकाळी यान बघायला या. हळदीकुंकू नाही हं, नुसतं यान." सगळ्या म्हणाल्या, "बघू हं." या 'बघू'चा अर्थ तुम्हा-आम्हाला ठाऊक असतो.

दुसऱ्या दिवशी द्राक्षांच्या उपड्या खोक्यावर शाल अंथरून यान ठेवलं. घागरभर पन्हं केलं, डाळ केली. आले फक्त मी. दिवेलागण झाली तरी जिन्यावर पाऊल वाजेना. बाई उगीचच पुनःपुन्हा अंगठा धरत होत्या. "डावीकडे जड आहे का गं?" आवाज त्यांचा नव्हताच.

तेवढ्यात चपला वाजल्या. दारात काकू, हातात ताट, ताटात त्यांची पितळेची गौर! मी उभीच राहिले. पाळण्यात बसवलेली गौर उचलून कुणी दुसऱ्याच्या घरी नेते का?

"पाळण्यात बसून कंटाळली म्हणं ही," काकू म्हणाल्या. "जरा फिरवून आण, म्हणती." आणि त्यांनी गौर त्या रिकाम्या खुर्चीत ठेवली. अगदी मापात बसली.

बाईंनी अंगठा उचलला. "डावीकडे जरा..."

"डावीकडं मीच वाकवलंय, ठावं हाय मला," म्हणत काकू गॅलरीत गेल्या आणि सगळ्या ब्लॉकांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं ए, या गं सगळ्या! गौर इथं बसलीय, तुम्ही घरी काय करताय?"

गौर जिथे, तिथे बायका. घर असं भरलं की पन्ह्याला पेले पुरेनात. कुंकवाची कोयरी आली ती बाईंच्या समोरच ठेवली गेली. कुणी लपवली नाही. बाई सगळ्यांना बांगड्यांची इंजिनं दाखवत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे दर चैत्रात हेच झालं. बाई गेल्या तेव्हा यान माझ्याकडे आलं. आमचे हेही आता नाहीत. तरी चैत्रात काकूंची सून गौर घेऊन येते, खुर्चीत बसवते आणि गॅलरीतून हाका मारते. बायका जिना चढून येतात. मी पन्हं देते आणि जरा वेळ मिळाला की एक डोळा मिटून अंगठा धरते. डावीकडे अजून जरा जडच आहे. घर भरलेलं असतं. बाई तेवढ्या नसतात.