फाओलो आठव्या फेरीत का थांबला

पांढऱ्या झग्याची एक बाही इस्त्री होऊन ताठ झाली होती, दुसरी अजून चुरगळलेलीच होती आणि फुआतिनोचा हात मध्येच थांबला होता. शनिवारची दुपार. उद्या देवळात घालायचे घरातल्या सगळ्यांचे पांढरे कपडे आजच व्हायला हवेत, कारण रविवारी इस्त्रीला हात लावायचा नाही. पण बाहेरच्या बैठकीत मालिंगी मुष्टियोद्ध्याचं नाव निघालं होतं. आमच्या घरांना खांब असतात, भिंती नसतात. वारा जातो तसं बोलणंही इकडून तिकडे जातं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान कुठे ठेवणार?

"नऊ वेळा किताब राखला मालिंगीनं. नऊ!" हा सेमू, आमच्या फालेतोआ गावाचा बसवाला. "तुझ्या फाओलोनं किती वेळा? दोन."

"त्या नवातले पाच बंदरावरचे हमाल होते. पोटं सुटलेली," तुइवाई सुतार म्हणाला. "तेवढा किताब मीही राखला असता."

"तू आधी रंध्याची धार राख, म्हातारबुवा."

हसणं झालं, कोकोचे कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. फुआतिनोचा नवरा पेनिताला मोठ्यानं हसला. तो मताई, म्हणजे गावसभेत बसणारा माणूस. पण मुष्टियुद्धाचं निघालं की त्याची मताईपणाची घडी विस्कटायची. फाओलो आणि मालिंगीची लढत झाली तेव्हा तो विशीतला होता, मालिंगीच्या बाजूचा होता, आणि आज सासुरवाडीचा मान राखूनही मालिंगीच्याच बाजूचा होता. मालिंगी गेल्या आठवड्यात वारला. रेडिओवर बातमी आली तेव्हापासून गावात दुसरं बोलणं नव्हतं. दोघांची एकच लढत झाली, बत्तीस वर्षांपूर्वी, आमच्याच गावच्या मैदानावर. दुसरी कधी झालीच नाही, आणि आता होणारही नव्हती.

"बाकी काही असो," पेनिताला म्हणाला, "मालिंगीनं तीन वेळा निरोप धाडला. ये, पुन्हा लढू. ह्यानं काय केलं? ऑकलंडला जाऊन खाटीकखान्यात मेंढ्या सोलल्या."

"हळू बोल. येईल तो आंघोळ करून," तुइवाई म्हणाला.

'तो' म्हणजे फाओलो. फुआतिनोचा थोरला भाऊ. सकाळी सेमूच्याच बसनं आला होता, बत्तीस वर्षांनी. गुरुवारी आपिया शहरात मालिंगीच्या मयताला गेला होता, मयताला मानाची म्हणून देतात ती बारीक विणीची चटई घेऊन. ज्यानं आपल्याला आडवं केलं त्याच्या मयताला चटई! गावाला त्याचा अर्थ लागत नव्हता. फुआतिनोला तर नुसती धास्ती वाटत होती. बसमधून उतरताना त्याचा उजवा हात थरथरत होता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. मंगळवारी तो परत जाणार होता आणि ह्या जन्मात पुन्हा येईल असं तिला वाटत नव्हतं. जे बोलायचं ते ह्या तीन दिवसांत बोलायचं होतं. नाही बोललं तर तो भित्रा म्हणूनच मातीत जाणार होता.

तिनं इस्त्री पुन्हा उचलली. देवा, मला वाचा दे, नाहीतर तो विषय तरी बंद कर, असं काहीसं ती सकाळपासून पुटपुटत होती.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि पाद्रीबाबांच्या घरी कामाला होती. गावातल्या मुली पाळीपाळीनं असायच्या. झाडणं, चूल, धुणं आणि संध्याकाळी 'सा'ची, म्हणजे प्रार्थनेच्या वेळेची, घंटा. गॅसची रिकामी टाकी नीरफणसाच्या फांदीला टांगलेली असायची आणि तिच्यावर लोखंडी गज मारायचा. एकदा घंटा झाली की गावानं होतं तिथे थांबायचं, घराघरात प्रार्थना सुरू व्हायची, रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. लढत सा व्हायच्या आत संपवायची असं गावसभेनं आपियाच्या मंडळींकडून कबूल करून घेतलं होतं. रिंगण मैदानावर, आणि मैदान पाद्रीबाबांच्या अंगणाला लागून. पाद्रीबाबा, पाद्रीणबाई, बाकीच्या मुली, सगळे लढत बघायला पुढे जाऊन बसलेले. घरी फुआतिनो एकटी.

सात फेऱ्या फाओलो पुढे होता. आठव्या फेरीत त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं आणि मालिंगी त्याच बाजूनं मारत राहिला. फुआतिनो नीरफणसाखाली उभी राहून बघत होती. आमच्याकडे म्हणतात, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्याचा कोपरा. तोच डोळा रक्तानं भरला होता आणि थांबवा म्हणणारं कोणी नव्हतं. तिला एवढंच सुचलं की सा झाली तर सगळ्यांना थांबावं लागेल. गावाची सा कोण ओलांडतो? घड्याळात अजून पंधरा-वीस मिनिटं होती. तिनं गज दोन्ही हातांत धरला आणि मारला. एकदा, दोनदा, मोजलं नाही किती.

फाओलोनं हात खाली सोडले आणि मान वळवली. मालिंगी आपियाचा. त्याच्या वस्तीत कोण घंटेला थांबतं? त्याचा डावा हात आला आणि फाओलो खाली पडला तो पंच दहा मोजेपर्यंत उठला नाही.

त्या दिवसापासून आमच्या गावात वाद चालू होता. मालिंगीचा ठोसा घंटेच्या आधी निघाला होता की नंतर. फाओलो 'सा'ला मान देऊन थांबला की दमला होता म्हणून घंटेच्या आडोशाला गेला. कोण मोठा, कोणाचं पायकाम चांगलं, पुन्हा लढले असते तर काय झालं असतं. ह्यावर माणसं म्हातारी झाली. पण घंटा वेळेआधी झाली, हे गावात कधी कोणी बोललं नाही. त्या संध्याकाळी सूर्य ढगात होता, घड्याळाकडे बघायची कोणाला शुद्ध नव्हती. पाद्रीबाबांना वाटलं पाद्रीणबाईंनी सांगितलं असेल, पाद्रीणबाईंना वाटलं पाद्रीबाबांनी. आणि पाद्र्यांच्या घरची घंटा चुकली असं म्हणायची गावात छाती कोणाची?

फाओलो दोन आठवड्यांत ऑकलंडला गेला. फुआतिनोचं पुढच्या वर्षी पेनितालाशी लग्न झालं, चार मुलं झाली, तीही एकेक करून परदेशी गेली. देवळातल्या बायकांच्या मंडळात ती पुढे बसायची, पण घंटेच्या पाळीचं निघालं की खांदा दुखतो म्हणायची. बत्तीस वर्षं तिचा खांदा दुखत होता.

फाओलो विहिरीवरून आला. खांद्यावर टॉवेल, केस ओले. त्यानं मांडी घातली, पेनितालानं कप पुढे केला. दोन घोट होईपर्यंत सगळे हवापाण्याचं बोलले. मग सेमूला राहवेना.

"उसो, भावा, राग मानू नकोस. आता तो तर गेला. लढत काही व्हायची नाही. मग एवढं सांगून टाक. आठव्या फेरीत दमला होतास ना?"

फुआतिनोची इस्त्री जागच्या जागी थांबली. तुइवाईनं पुढे वाकून मान उंचावली. सत्तरीचा माणूस, पण लहान पोरासारखा तोंडाकडे बघत होता. 'नाही' एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो तीस वर्षं भांडला होता.

फाओलो हसला. "हो," म्हणाला. "दमलो होतो."

तुइवाई मागे सरकून बसला. त्यानं कप उचलला, रिकामा आहे हे पाहिलं, तरी तोंडाला लावला.

"ऐकलंत?" सेमूनं मांडीवर थाप मारली. "त्याच्याच तोंडून!"

"चला, मिटलं एकदाचं," पेनिताला म्हणाला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. मेहुण्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून तोही जरा ओशाळला असावा.

फुआतिनो उठली. पुरुष बसले असताना बाईनं मध्ये जायचं नाही, मताई बसला असताना तर नाहीच. ती मागच्या खांबापाशी जाऊन मांडी घालून बसली आणि हात मांडीत घट्ट धरले.

"तो दमला नव्हता," ती म्हणाली. "घंटा मी वाजवली. वेळेच्या आधी."

"फुआतिनो," फाओलो पटकन म्हणाला, "तिकडे झगा करपतोय. जा."

"करपू दे, दादा."

आणि तिनं सगळं सांगितलं. नीरफणस, गज, भुवई, घड्याळातली मिनिटं. सांगताना ती कोणाकडे बघत नव्हती, चटईच्या कडेची वीण बोटानं चाचपत होती. "मला वाटलं सगळे थांबतील. हा एकटाच थांबेल असं नाही वाटलं. सा पाळली म्हणून तो पडला. माझ्यामुळे पडला."

मग फाओलो बोलला, आणि चिडूनच बोलला.

"बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं मी तोंड शिवून बसलो, आणि तू हे असं बसवाल्यापुढे सांगून मोकळी झालीस?"

"बसवाल्यानं काय केलं?" सेमू पुटपुटला.

"तुला ठाऊक होतं?" फुआतिनोनं विचारलं.

"मी तुला पाहिलं ना." त्यानं कप खाली ठेवला. "सा पाळायला मी थांबलो नाही. रिंगणात कसली सा? अवेळी घंटा म्हणजे गावात काय असतं? मयत. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी मान वळवली तर झाडाखाली तू. गज हातात, रडतेयस. मला वाटलं, आई गेली."

एवढी वर्षं फुआतिनोनं देवापुढे एका पापाची कबुली दिली होती, आणि खरी गोष्ट निराळीच निघाली होती.

"आपियाची मंडळी म्हणाली," फाओलो पुढे म्हणाला, "घंटा वेळेआधी झाली असा अर्ज दे, किताबाची लढत पुन्हा लावतो. अर्ज दिला की चौकशी आली. पाद्र्यांच्या घरी त्या वेळी कोण होतं? गावसभेनं काय केलं असतं तुझं? आणि कोण लग्न करणार होतं मग?" तो पेनितालाकडे बघून थांबला. "तीन निरोप आले, तिन्हींना नाही म्हटलं. चौथा निरोप आला नाही. तो स्वतःच आला, ऑकलंडला, माझ्या दारात. का घाबरतोस म्हणाला. त्याला सांगितलं. तो मेला तोवर त्यानं हे कोणाला सांगितलं नाही, स्वतःच्या लोकांनाही नाही. ती चटई त्यासाठी होती."

सेमूनं मान खाली घातली. त्याला मालिंगीचे नऊ किताब पाठ होते, हे मात्र माहीत नव्हतं.

पण तुइवाई हलला. "म्हणजे ठोसा नंतरच आला," तो हळूच म्हणाला. "घंटेनंतर. मी सांगत होतो."

"नंतर आला, पण त्याला काय माहीत कोणाची घंटा?" सेमू म्हणाला.

"मग लढत रद्द धरायची."

"रद्द कशी? पंचानं दहा मोजले ना!"

"सात फेऱ्या कोणाच्या होत्या ते सांग आधी!"

फाओलो त्या दोघांकडे बघत राहिला, आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. पेनिताला मात्र हसत नव्हता. तो बायकोकडे बघतही नव्हता. त्याचं तोंड उतरलं होतं. फुआतिनोला ते दिसत होतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. देवाची घंटा खोटी वाजवली. उद्या देवळात पुढे बसायचं की मागे? मंडळातल्या बायका काय म्हणतील? आणि सेमूच्या बसमध्ये सोमवारी दुपारपर्यंत ही गोष्ट बेटाला फेरी घालून येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आत ये," पेनिताला शेवटी म्हणाला.

आत इस्त्रीची तार त्यानंच काढली. झग्याच्या बाहीवर तांबूस त्रिकोण उठला होता. त्यानं तो अंगठ्यानं घासून पाहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दर शनिवारी त्याला भित्रा म्हणत होतात," ती म्हणाली. "कुठून सुरुवात करणार?"

पेनितालानं तोंडावरून हात फिरवला. बाहेर तुइवाई आणि सेमू आता पायकामावर आले होते.

"सोमवारी सभा आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी मांडायच्या आत मीच मांडतो. दंड होईल तो होईल, डुकरं नाहीतर मासळीच्या डब्यांची खोकी. पण सभेत मोकळ्या हातानं जायचं नाही, दंड सांगायच्या आधीच पुढे ठेवायचा."

"माफ करतील?"

"माहीत नाही." त्यानं खरं ते सांगितलं. "मागे बसवतील, निदान वर्षभर. तुझ्याबरोबर मीही बसेन."

तिला रडू आलं नाही. फक्त सकाळपासूनची ती पुटपुट थांबली होती, एवढं तिच्या लक्षात आलं. करपलेला झगा तिनं घडी करून बाजूला ठेवला. बाहेर फाओलो तुइवाईला उभं करून हात कसा वर धरायचा ते दाखवत होता. त्याचा हात कापत होता आणि म्हातारा डोळ्यांत प्राण आणून बघत होता.

शनिवारी दुकान चारला बंद होतं. फुआतिनोनं छत्री घेतली आणि ती वळणावरच्या दुकानातून मासळीच्या डब्यांचं एक खोकं आणायला निघाली.