पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण

गंगव्वाला टीव्हीवर दिसायची हौस अजिबात नव्हती. तिला एवढंच ऐकायचं होतं, की सोनमला मारलं. हे वाक्य कुणीतरी चारचौघांत उच्चारावं, मग ती आपली भाकऱ्या थापायला मोकळी.

सोनम तिची लेक. शहराबाहेर, हेब्बाळच्या पुढं गिरीराज नावाच्या बिल्डरचं फार्महाऊस आहे, तिथं ती पाहुण्यांची व्यवस्था बघायची. एक दिवस गच्चीवरून पडून मेली. त्याच सकाळी तिनं आईला फोन केला होता, ‘साहेब मला घरी जाऊ देत न्हाईत’ म्हणून रडली होती. पोलिसांनी आधी पाय घसरला म्हणून प्रकरण मिटवलं, ओरड झाल्यावर गिरीराजला पकडलं आणि त्याला लगेच जामीनही मिळाला. त्याच्या बंगल्यांच्या जाहिराती रिंग रोडवर अजून दिमाखात उभ्या आहेत. साक्षीदार एकेक करून फिरले. ‘अम्मा, आता तुमचीच साक्ष उरली,’ असं सांगून सरकारी वकील मोकळे झाले.

अशात तिच्या घरी मालिकावाले आले. खऱ्या गुन्ह्यावरची मालिका, चार भागांची. प्रश्न विचारायला अभिजीत नावाचा मराठी बोलणारा पोरगा होता, कॅमेरेवाले होते, आणि सुती साडीतली, गळ्यात मंगळसूत्र असलेली एक बाई मुकाट्यानं कोपऱ्यात बसली होती. “या रंजिता मॅडम, आमच्याबरोबरच आहेत,” एवढंच अभिजीत म्हणाला. असेल त्यांची कुणी साहेबीण, असं गंगव्वाला वाटलं. मग तिनं काळीज रितं केलं. फोन, रडणं, लेकीच्या मनगटावरचे वळ, काही म्हणून हातचं राखलं नाही.

माणसं निघाली तेव्हा तिनं तेच केलं, जे निपाणीकडच्या तिच्या गावातली कुठलीही बाई करते. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण रिकामी पाठवायची नसते, मग घरावर आभाळ कोसळलेलं का असेना. ट्रंकेतलं खणाचं कापड काढलं, शेजारणीकडून नारळ आणला, त्या बाईला हळदीकुंकू लावून तांदळानं तिची ओटी भरली. बाई वाकून पाया पडली. तिचे डोळे भरले होते. गंगव्वाचा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला. “जन्मसावित्री हो,” ती म्हणाली. कुणाला तरी आपल्या पोरीचं वाईट वाटतंय म्हणून तिला त्या दिवशी बरंसुद्धा वाटलं.

मालिका आली ती तिनं मारतहळ्ळीत हेमलताबाईंच्या दिवाणखान्यात बघितली. हेमलताबाई मूळच्या पुण्याच्या, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या. गंगव्वा त्यांच्याकडे स्वयंपाक करते. बाईंनी तिला आग्रहानं सोफ्यावर बसवलं.

पहिले तीन भाग गिरीराजचाच सोहळा चालला होता. त्याचं बालपण, त्याचा घोडा, त्याची आई त्याला काय खाऊ घालायची ते. माणूस समजून घ्यायचा असतो म्हणे! सोनम मध्येच कुठंतरी फोटोपुरती येऊन गेली. चौथ्या भागात पांढऱ्याशुभ्र कोचावर ती सुती साडीवाली बाई दिसली आणि खाली तिचं नाव आलं.

“काय लिवलंय, अक्का?”

हेमलताबाईंनी चष्मा सारखा केला. “रंजिता. गिरीराजची पत्नी.”

ती मुलांना घेऊन दुबईत असायची. कोर्टात कधी फिरकली नव्हती, गंगव्वानं तिला ओळखावं कुठून? पुढच्याच क्षणी गंगव्वाची खोली पडद्यावर आली. बासरी वाजू लागली. कुंकू, खण, नारळ, डोक्यावर ठेवलेला हात, सगळं संथपणे. फोनचा उल्लेख नाही, वळांचा नाही. शेवटी इंग्रजीत एक ओळ उमटली. हेमलताबाईंनी ती वाचून सांगितली. मुलीच्या आईनं माफ केलं.

बाई डोळे पुसत होत्या. “केवढं मोठं मन तुमचं, गंगव्वा. मला नसतं जमलं.”

“मला ठावं नव्हतं ती कोण हाय.”

“तरीसुद्धा. तुमच्या हातून घडलं ना ते!”

“ठावं असतं तर कुंकवाचा करंडा तिच्या थोबाडावर मारला असता.”

“असं बोलू नये हो. तिचा बिचारीचा काय दोष?”

हेमलताबाई वाईट नाहीत. पण त्यांना पोटभर रडायला मिळालं होतं, आणि त्या रडण्यावर पाणी ओतणारी स्वयंपाकीण त्यांना नको होती. गंगव्वा उठली, राहिलेली कणीक मळली आणि चपात्या करून निघाली.

वाटेतच वकिलांचा फोन आला. “काय करून बसलात, अम्मा? तुम्ही साक्षीला उभ्या राहिलात की गिरीराजचे वकील हेच दाखवणार.” ओटी भरणं म्हणजे माफी नव्हे, हे ती जीव तोडून सांगत राहिली. “मला कळतंय. जज्जना कसं समजावू?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी मल्लाप्पा, तिचा नवरा, ड्यूटीवरून येऊन वॉचमनच्या कपड्यांतच बसला होता. कुणाच्या तरी मोबाईलवर त्यानंही ते बघितलं होतं.

“तू तिला जन्मसावित्री हो म्हनलीस?”

“सवाष्ण हुती. पायाला वाकली. दुसरं काय म्हननार?”

तो चिडला असता तर तिला परवडलं असतं. तो हळूच म्हणाला, “मग त्या गिरीराजला काय हुत न्हाई आता. पोरगी गेलेल्या आईचा आशीर्वाद हाय. लागतोय त्यो.”

गंगव्वाला ते खोडून काढता येईना. जन्मभर तिनं हा आशीर्वाद लागतो अशा खात्रीनंच दिला होता. तिला तो परत घ्यायचा होता आणि परत घ्यायची कुठलीच रीत तिला ठाऊक नव्हती. ती दाराकडं तोंड करून म्हणाली, “रांडव—”

मल्लाप्पानं घाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. “तिन्हीसांज हाय, गंगव्वा. बोललेलं खरं हुतंय.”

तिनं त्याचा हात झिडकारला. “म्हनूनच बोलतीया,” म्हणाली, आणि रंजिताचं नाव घेऊन तिनं तो शाप पुरा उच्चारला, पुन्हा उच्चारला, घसा बसेस्तोवर उच्चारला. ह्या खेपेला चित्रीकरण करायला कुणी आलं नव्हतं.