काकूंनी दार अडवलं

त्या दुपारचा विचार मनात आला की आजही माझा ऊर भरून येतो.

अमेरिकेत अल्फारेटाच्या भागात मी पोलीस डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केली. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं, हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. अशी तक्रार आली की साहेब मला पिटाळत, कारण ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. शिवाय आपल्याकडे दार उघडलं की आधी 'आत या, चहा घ्या' होतं. वॉरंट नसताना पोलीस आत आला तो आपण बोलावलं म्हणूनच, हे कोणाच्या गावीही नसतं.

त्या काकू एका दिवंगत डॉक्टरांच्या पत्नी. त्यांच्या सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्या होत्या. पुढे ठाण्यात निनावी फोन आला: चोर म्हणजे काकूंकडे राहून शिकणारा त्यांच्या बहिणीचा मुलगा, आणि माल त्याच्याच खोलीत आहे. नुसत्या निनावी फोनवर जज वॉरंट देत नाही, म्हणून मी काकूंची संमती मागायला गेलो. पोरगा स्टुडंट व्हिसावर होता. बेड्या पडल्या असत्या तर त्याचं इथलं सगळंच संपलं असतं.

खबर ऐकून काकूंचा चेहरा उतरला.

"खरं सांगू? हा डाऊट मलाही आलाय. झोप उडालीय माझी."

"मग एकदा त्याची रूम बघू द्या, काकू."

"नाही. तो कॉलेजात आहे. त्याच्यामागे त्याची रूम मी ओपन करून देणार नाही. तू चहा घे, पण इथे पोर्चवर. आत यायचं तर वॉरंट आण."

नकार मी पुष्कळ पचवले होते. पण ही बाई ज्याच्यावर संशय घेत होती, त्याचाच हक्क राखत दारात उभी होती. मी थक्क झालो.

कप हातात देत त्यांनी विचारलं, "नेमकं शोधायचंय तरी काय?"

"तुमच्या पाटल्या. आणि फोन करणारा काळ्या मण्यांचा नेकलेसही म्हणाला, म्हणजे तुमचं मंगळसूत्र."

"मंगळसूत्र? ते कुठे चोरीला गेलंय?"

त्या लगबगीने आत गेल्या आणि रव्याचा डबा घेऊन आल्या. डॉक्टर गेल्यापासून त्यांनी मंगळसूत्र त्यात लपवलं होतं, कोणालाही न सांगता. डबा परातीत उलटा केला. नुसता रवा! जी चोरी मालकिणीलाच माहीत नव्हती, ती फोन करणाऱ्याला माहीत होती.

झडतीच्या वॉरंटमध्ये जागा आणि वस्तू नेमकी लिहिलेली हवी, असं अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती सांगते. अकॅडमीत ते मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. काकूंनी सहज तोच प्रश्न विचारला आणि केस फिरली.

कोर्टाच्या आदेशाने फोनचा माग काढला. फोन निघाला काकूंच्या किचनची कपाटं बसवून गेलेल्या माणसाचा. डबे त्यानेच हलवले होते. चौकशीच्या खोलीत मी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क वाचून दाखवला. "वकील हवा," तो म्हणाला. मी खुर्ची मागे सारली आणि चौकशी तिथेच थांबवली. मग रीतसर वॉरंट घेऊन त्याच्या गॅरेजची झडती घेतली. पाटल्या मिळाल्या, मंगळसूत्र नाही.

फोनवर सांगितलेली खोली बघायला पुन्हा काकूंच्या दारी गेलो. या वेळी पोरगा घरात होता.

"तू नाही म्हणू शकतोस हं, तुझा राइट आहे," काकू त्याला म्हणाल्या.

"इट्स ओके, मावशी. या ना, सर."

मंगळसूत्र त्याच्या गादीखाली निघालं, स्क्रूच्या प्लास्टिक पिशवीत. पोरगा पांढराफटक पडला. पिशवीवर ठसे मात्र त्या कारागिराचे होते. संशय आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानेच ते तिथे सरकवलं होतं.

काकूंनी मला पहिल्या दिवशी आत घेतलं असतं, तर त्याच दिवशी मी पोराला बेड्या घातल्या असत्या, आणि त्याही अगदी नियमाला धरून. हक्क निर्दोष माणसासाठी असतात असं लोक समजतात. पोरगा निर्दोष आहे हे काकूंना कुठे ठाऊक होतं? ठाऊक नसतानाही त्यांनी त्याचं दार राखलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं मन मी दुसरीकडे पाहिलं नाही.

खटला संपल्यावर मी मंगळसूत्र परत द्यायला गेलो. काकूंनी ते कपाळाला लावलं, डोळे पुसले आणि मला विचारलं,

"त्या माणसाला वकील मिळाला होता ना रे? चांगला?"