कपबशीचं मत

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खिडकीतून यंत्राचा लांब आवाज येतो, उन्हात तरंगत चिंचेखाली बसलेल्या माणसांपर्यंत पोचतो. "पडलं आपल्याला," कुणीतरी पेंगत म्हणतं. आदल्या दिवशी बैठकीत ठरलेलं असतं, सगळी आळी एका चिन्हाची. त्या एका आवाजाखाली किती मनं झाकली जात असतील!

माझी आंधळी सखूआत्या मतदानाला माझा हात धरून यायची. एकदा आत शिरताना कानाशी म्हणाली, "मला कपबशीला द्यायचंय रे. आळीत बोलू नको." मी आळीच्या छत्रीचं बटण दाबलं. आवाज ऐकून ती खुशीत घरी गेली. आता ती नाही. पण आत्या कपबशीची होती, हे आळीला कळू दे.

हल्ली माझ्याही डोळ्यांपुढे दुधासारखं धुकं असतं. यंदा सूनबाईने आत नेलं.

"आबा, कुठलं दाबू?"

मी चिन्ह सांगितलं. आवाज आला.

"तेच दाबलंस ना, पोरी?"

"अहो, ऐकलंत की!"

ऐकलं होतं. तिच्या बोटावरची ओली शाई माझ्या तळहाताला लागत होती, पण हात सोडून मला चालता येणार नव्हतं.