शोभाआत्याने विंडोज बदललं

शोभाआत्या आज पहाटे गेली.

पुण्याहून उंद्रीला, कपाशीच्या मुलखातल्या आमच्या गावी, निघालोय. बसमध्ये बसून लिहितोय. रडणं गावात गेल्यावर होईलच, त्याआधी तिने जिंकलेली एक लढाई सांगतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. शिक्षण सातवी. चार एकर कपाशी एकटीने करायची.

मी नवा टीव्ही घेतला तेव्हा माझा जुना होम थिएटर पीसी तिला देऊन टाकला. वाटलं, तिच्या टीव्हीला जोडून सिनेमे बघेल.

तिने त्यावर कपाशी बघितली.

बीटी बियाणं असूनही गुलाबी बोंडअळीने अख्ख्या गावाचं पीक खाल्लं, त्यानंतर ती दर आठवड्याला मोबाईलवर आपल्या शेताचं शूटिंग करायची. पात्या म्हणजे कळ्या, मग फुलं, बोंडं. अळी नेमकी कधी येते, हे तिला पकडायचं होतं. तीन हंगामांचं शूटिंग त्या पीसीत होतं. गल्लीतल्या बायका तिच्या घरी जमून ते मोठ्या स्क्रीनवर बघायच्या.

मग पीसी अडायला लागला. नव्या मोबाईलचे व्हिडिओ उघडेनात, कृषी सहायकांची ऑनलाइन मीटिंग लागेना. विंडोज फार जुनं झालं होतं.

मी फोनवर म्हणालो, फेकून दे. विंडोज बदलणं तुला नाही जमणार, असलेलं सगळं उडवून बसशील.

"तुले येते म्हनून मले येनार नाही, असं कुठं लिहेल हाय?"

आणि फोन ठेवला.

पीसी पोत्यात गुंडाळून ती एसटीने चिखलीला गेली, टीव्ही रिपेअरिंगवाल्या रशीदचाचांकडे. चाचांनी रॅम वाढवली, नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, आधी सगळे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर घ्या, अन् मधात लाईट जाऊ देऊ नका.

व्हिडिओ कॉपी करण्यात दोन दिवस गेले. लाइनमनला विचारून तिने अपग्रेड सुरू केलं.

बासष्ट टक्क्यांवर लाईट गेली.

पीसी परत सुरू झाला तो जुन्याच विंडोजवर. तिने मला फोन केला. आवाज पडलेला होता. आणि मी काय बोललो? "सांगितलं होतं ना."

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या किराणा दुकानातला इन्व्हर्टर मागून आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुपारपर्यंत शंभर टक्के.

चित्र आलं, पण आवाज गायब. चाचा फोनवर म्हणाले, केबल गेली असेल, उद्या येतो. आत्याला उद्यापर्यंत दम निघेना. तिने सेटिंगमधली एकेक ओळ वाचून काढली. आवाज टीव्हीऐवजी दुसरीकडेच जात होता. तिने यादीतून टीव्ही निवडला.

आवाज आला.

लगेच मला व्हिडिओ कॉल. तिने मोबाईल खोलीभर फिरवला. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि स्क्रीनवर तिचं शेत. एका न उमललेल्या, पाकळ्या चिकटलेल्या फुलावर व्हिडिओ थांबवून ती त्यांना सांगत होती, "हे डोमकळी. असं फूल दिसलं का समजायचं, अळी आत हाय."

त्या हंगामात त्या बायकांनी आपापल्या शेतातली डोमकळी वेळेत ओळखली. तोडून नष्ट केली. अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावले. गल्लीतली कपाशी पांढरीशुभ्र घरी आली.

दिवाळीला मी तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "जाऊ दे ना बे. चाल, जेव."

रशीदचाचा तर पुढे उंद्रीकडच्या गिऱ्हाइकांना सरळ तिचाच नंबर द्यायचे. म्हणायचे, तिथं आमची इंजिनिअर हाय.

आत्ताच कळलं, चाचा आत्याच्या घरी पोचलेत. अंत्यविधी दुपारी चारला आहे.

आत्या, तुझा फार अभिमान वाटतो.
सुखाने जा.