सगळे पार्ट जुने

तापलेल्या धुळीचा वास आला की मला रत्नागिरीतलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. आमची ही गेली त्या वर्षीची गोष्ट. मुलगा मुंबईची नोकरी सोडून माझ्या सोबतीला आलेला, पण दोघं जेवायला बसलो की एक शब्द नाही. तो परत जायच्या गोष्टी करायला लागला, तशी मला धास्ती बसली. मीच म्हटलं, तुला तो गेमचा कॉम्प्युटर जोडायचाय ना, चल. तर माझी बहीण आडवी आली, "वर्ष सरेपर्यंत या घरात नवी वस्तू आणायची नाय!" तरी गेलो. ग्राफिक कार्डाची किंमत ऐकून मुलाचं तोंड उतरलं. दुकानदार म्हणाला, "काका, बजेटात बसवायचं तर वापरलेलं घ्या." "म्हणजे जुनं?" "जुनंच." मला एकदम सुटल्यासारखं झालं. "मग सगळंच जुनं दे. नवा स्क्रूसुद्धा नको." मुलगा म्हणाला, "बाबा, पॉवर सप्लाय तरी नवा हवा, जुना पेटला तर?" "आणि आत्या पेटली तर?" दुकानदार पोट धरून हसला. त्याने नवा पॉवर सप्लाय स्वतःच्या मशीनला लावला आणि त्यातला चांगला चालता जुना काढून आम्हाला दिला. बहीण येऊन खोक्यावरचे ओरखडे बघून मान डोलावून गेली. संध्याकाळी आतल्या खोलीतून गोळीबार सुरू झाला, मुलगा मुंबईच्या मित्रांना शिव्या घालत मोठ्यानं हसला, आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवलो. त्याची आई नाही ती नाहीच. पण मुलगा अजून इथंच आहे, आणि तसाच ओरडतो.